बच्छाव सरांचं कोरं सर्व्हिस बुक

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते जुन्या हजेरीपत्रकांसारखे आपोआप साठतात. फेकायचे म्हटलं तर भीती, उद्या कुणी मागितले तर? मग आधी कपाटात, मग कपाटावर, शेवटी जिन्याखाली. मी एकोणतीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी आम्ही चार जुन्या बाया एकत्र बसलो की विषय शाळेचाच निघतो. आणि शाळेचा निघाला की बच्छाव सरांचा निघतोच.

आमची शाळा नाशिकच्या द्वारका चौकातून नाशिकरोडकडे जाताना आत वळलं की मळ्यांच्या मधोमध. पहिली ते दहावी. निम्मी मुलं भाजी-फुलांच्या मळ्यातली, निम्मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला जाणाऱ्यांची. बच्छाव सर मूळ सटाण्याकडचे. आधी आमच्यातच इतिहास शिकवायचे, त्र्याण्णव साली हेडमास्तर झाले.

त्यांची आयुष्यात एकच इच्छा होती, सर्व्हिस बुक कोरं ठेवून रिटायर व्हायचं. नोकरीला लागल्यापासून आपलं बरंवाईट सगळं त्या बुकात चढतं. बढती काळ्या शाईत, ठपका लाल शाईत. सरांच्या बुकात लाल ठिपका नव्हता, आणि तो पडू नये म्हणून त्यांनी अख्ख्या शाळेला दमवलं. कुठलाही कागद समोर आला की पहिला प्रश्न, "यात जबाबदारी कोणाची?" फारच घाबरले की सटाण्याची भाषा बाहेर यायची, "हाई कोनी जबाबदारी शे?" हे वाक्य कानावर पडलं की शिपाई काशिनाथमामा मुकाट चहा ठेवायला जायचे. आता अर्धा तास कुणी उठत नाही, हे त्यांना माहीत असायचं.

*

सर हेडमास्तर झाल्यावरची पहिली सहल पांडवलेण्यांची ठरली. पांडवलेणी ती किती लांब, नाशिकातल्या नाशिकात! पण सरांनी दोन दिवस बसून संमतीपत्र तयार केलं. "सहलीत माझ्या पाल्यास काही झाल्यास त्यास शाळा, मुख्याध्यापक अथवा शिक्षक जबाबदार राहणार नाहीत." खाली पालकांची सही.

बहुतेकांनी न वाचता सही करून पाठवली. खंडू अण्णा मात्र कागद घेऊन स्वतः आले. शाळेच्या मागे त्यांचा गुलाब-झेंडूचा मळा, आणि सुनीता, अनिता या दोघी मुली आमच्याकडे एकाच वर्गात. थोरल्या सुनीताकडून त्यांनी कागद वाचून घेतला होता.

"सर, पोरी सकाळी घरनं निघत्यात, संध्याकाळी परत येत्यात," अण्णा म्हणाले. "तवर मी मळ्यात, म्हंजी मी जबाबदार नाय. तुमी बी नाय म्हनता. मंग मधल्या टायमाला पोरी कोनाच्या?"

दुसऱ्या दिवशी सुधारित संमतीपत्र निघालं, "काही झाल्यास शाळा व पालक दोघेही जबाबदार राहणार नाहीत."

खंडू अण्णांनी त्यावर लगेच सही केली. "आता बराबर हाय," म्हणाले.

*

पंच्याण्णव साली धाकटी अनिता सहावीत माझ्या वर्गात होती. वर्गातली सगळ्यात लहानखुरी. मधल्या सुट्टीत चिंचेवरून पडली आणि हात कोपरात मोडला.

सर म्हणाले, पालकांना निरोप द्या, ते येईपर्यंत कुणी हलवू नका. अण्णा फुलं घेऊन मार्केटला गेलेले, आई कुठल्या वाफ्यात कुणाला ठाऊक. पोर कळवळत होती. मी रिक्षा बोलावली. सर रिक्षापर्यंत मागे आले आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर नेताय ना? काशिनाथ ऐकतोय." काशिनाथमामांनी दुसरीकडे बघितलं.

दवाखान्यातल्या क्लार्कने फॉर्म पुढे केला. वय विचारलं. शाळेच्या रजिस्टरप्रमाणे अकरा होतं, मी अकरा लिहिलं. पुढचा रकाना "रुग्णाशी नाते". मी लिहिलं, वर्गशिक्षिका. तो म्हणाला, हे नातं चालत नाही, भूल द्यायची आहे, आई-वडील-मामा असं काहीतरी पाहिजे. मला वाद घालायचं त्राण नव्हतं. मी खोडून "आई" लिहिलं आणि सही केली.

तासाभराने खरी आई आली, पाय चिखलाने भरलेले, धापा टाकत. क्लार्कने तिला दारातच अडवलं. पेशंटची आई आत आहे, एका वेळी एकच, म्हणाला.

ती माउली दाराच्या फटीतून आत डोकावली. मग म्हणाली, "आत हाय ती बी आसंल. पन मी बी हाय."

प्लास्टर झाल्यावर तिने तो फॉर्म माझ्याकडून वाचून घेतला. वय ऐकून म्हणाली, "अकरा कोनी लिवलं? माझी अनी थंडीतली. दहा बी पुरी नाय तिला." मी म्हटलं, शाळेत अकरा आहे. "शाळेत आसंल," ती म्हणाली आणि पोरीला कडेवर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सरांना मी वयाचं सांगितलं. रजिस्टरमध्ये अकरा आहे ना, मग अकरा, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मी "आई" का लिहिलं, याचा खुलासा मात्र लेखी मागितला. दोन प्रतींत.

*

पुढे मुलांना मारायचं नाही, असं परिपत्रक आलं. सरांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांच्या छड्या जमा केल्या. पीटीच्या टिळे सरांकडेच तीन निघाल्या. जमा केलेली वस्तू रजिस्टरला चढवायलाच हवी, म्हणून नोंद झाली, "छड्या, वेताच्या, नग अकरा." कपाटाला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात.

वर्षाअखेरीला वरच्या ऑफिसातून तपासणीला साहेब आले. टेबलं मोजली, नकाशे मोजले, छड्या मोजल्या. दहाच भरल्या! शाळेत अजून मुलांना मारतात का, हे त्यांनी विचारलं नाही. एक नग कमी का, हे तीनदा विचारलं.

सर खिशातली किल्ली चाचपू लागले. टिळे सर गुपचूप स्कूटर काढून रविवार कारंजाच्या बाजारात गेले आणि वेताची नवीकोरी छडी घेऊन आले. साहेबांनी पुन्हा मोजलं आणि शेरा मारला, "नग अकरा, सुस्थितीत."

मारायला बंदी आल्यानंतर आमच्या शाळेने केलेली ती एकमेव खरेदी.

*

दहावीच्या परीक्षेचं केंद्र आमच्याकडे असायचं. एका वर्षी विज्ञानाच्या पेपरला मुलाच्या मोज्यात कॉपी सापडली. झेरॉक्सवर बारीक केलेली, बोटभर लांबीची पट्टी. विज्ञानाचा पेपर म्हणून मला वर्गावर ड्यूटी नव्हती, मी स्टाफरूममध्ये पेंगत होते. सरांनी बोलावून घेतलं.

साहित्य कोठून मिळाले, असा रकाना कॉपीच्या अहवालाच्या फॉर्मवर होता. सर भिंग लावून पट्टी बघत होते. "बाई, हे अक्षर ओळखता का?"

ओळखत होते. माझंच होतं. वर्षभर फळ्यावर लिहून हात दुखायला लागला म्हणून मी नोट्स लिहून मुलांना दिल्या होत्या. मुलांनी त्या इतक्या मनावर घेतल्या होत्या.

सरांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षीपासून इतकं सुवाच्य लिहू नका."

*

शिकवणं ही आमची जबाबदारी होती, हे इतर जबाबदाऱ्यांमधून वेळ मिळाला तर आठवायचं. मतदार याद्या, निवडणूक, पोलिओचे डोस. नाही म्हणायची सोय नाही, कायद्याचा कागद सोबत यायचा. जनगणनेच्या वेळी मी टाचा झिजवत घरोघर फिरत होते. शाळेची वेळ होती. एका दारावर टकटक केली तर दार उघडलं माझ्याच वर्गातल्या मुलीने.

मी रागावून विचारलं, शाळा सोडून घरी काय करतेस?

ती म्हणाली, "बाई, तुम्हीच शाळेत नाही, म्हणून आम्हाला सोडून दिलं."

मी तिचं नाव यादीत लिहिलं आणि पुढच्या दाराला गेले.

*

आता शेवटचा सांगते. हा आम्ही एकमेकींना फारसा सांगत नाही.

त्याआधी एक जूनबद्दल सांगायला हवं. मळ्यातल्या लोकांना मुलांची जन्मतारीख पाठ नसायची. थंडीतली, कांदे काढणीतला, असं सांगायचे. पहिलीत घ्यायला सहा वर्षं पूर्ण लागायची आणि शाळा जूनमध्ये उघडायची. मग मास्तर रजिस्टरमध्ये लिहायचे, एक जून, आणि साल मागे मोजून. आमच्या काही वर्गांत निम्मी मुलं एक जूनची होती. स्वतः बच्छाव सर एक जूनचे. म्हणूनच ते एकतीस मे दोन हजार दोनला रिटायर होणार होते.

त्या मे महिन्यात अनिता माझ्या घरी आली. बारावीची परीक्षा दिलेली, निकाल बाकी. घरच्यांनी लग्न ठरवलं होतं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सामुदायिक विवाहात. समितीवाल्यांनी मुलीला अठरा पूर्ण असल्याचा शाळेचा दाखला मागितला होता. रजिस्टरप्रमाणे एक जूनला तिला अठरा पूर्ण होत होती.

"बाई, आई म्हणते मला अजून सतरापण नाहीत," ती म्हणाली. "मला पुढं शिकायचंय. मी घरात सांगून दमले. ते म्हणतात, शाळेनंच लिहिलंय ना अठरा. तुम्ही सरांशी बोला."

मी सरांकडे गेले. दवाखान्यात तिची आई काय म्हणाली होती, ते पुन्हा सांगितलं. सर टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड," ते म्हणाले. "मी रजिस्टरप्रमाणे दाखला दिला तर मला कुणी काही विचारणार नाही. रजिस्टर चूक आहे म्हटलं, तर पहिला प्रश्न येईल, कुणी लिहिलं? आणि बाई, माझे एकोणीस दिवस राहिलेत."

मला त्यांचा भयंकर राग आला. घरी येताना माझाही आला. सात वर्षांपूर्वी मला कळलं होतं, आणि मीही त्या फॉर्मवरचं अकरा तसंच ठेवून मोकळी झाले होते.

दोन दिवसांनी खंडू अण्णा दाखल्यासाठी आले. सुट्टी होती, पण निकालाच्या कामासाठी मी ऑफिसात होते. अण्णा येण्याआधीच संस्थेच्या एका संचालकांचा फोन येऊन गेला होता, दाखला लवकर द्या म्हणून. काशिनाथमामांनी जिन्याखालून नव्वद सालचं रजिस्टर काढून आणलं. सरांनी पान उघडलं. सुनीताच्या खाली अनिता. एक जून एकोणीसशे चौऱ्याऐंशी. अक्षर बच्छाव सरांचं. त्या साली पहिलीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, म्हणून प्रवेशाचं काम सरांच्या गळ्यात पडलं होतं.

सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. जबाबदारी कोणाची, असं त्यांनी विचारलं नाही. मग त्यांनी रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, तेच दाखल्यावर लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. अण्णांनी कागद माझ्यापुढे केला, वाचा म्हणाले. मी वाचलं.

"जन्मतारीख १ जून १९८४. सदर तारीख मी स्वतः अंदाजे नोंदवली असून ती चुकीची आहे. प्रवेशाच्या वेळी मुलगी पाच वर्षांचीही नव्हती."

अण्णा टेबलाजवळ सरकले. "सर, मीच म्हनलो व्हतो, दोघी बहिनी संगं जातील येतील, घ्या लिवून. तुमी लिवलं. तवा तुमीच तिला मोठी केली. आता पत्रिका वाटल्यावर लहान करता?"

"हो," सर म्हणाले.

"मी लोकान्ला काय सांगू?"

"माझं नाव सांगा. हेडमास्तरनं खोटं लिहिलं होतं म्हणा."

समितीने तो दाखला घेतला नाही. लग्न राहिलं. वरपक्षाने रीतसर तक्रार केली. अशा चौकशा एरवी दोन-दोन वर्षं रेंगाळतात, ही दहा दिवसांत उरकली. तीस मे रोजी सरांच्या सर्व्हिस बुकात लाल शाईत चार ओळी चढल्या. मी त्या वाचल्या आहेत. त्यांत एकही शब्द खोटा नव्हता.

एकतीसला निरोपसमारंभ झाला. हॉल निम्मा रिकामा होता. संचालकांपैकी कुणी आलं नाही. टिळे सरांनी भाषण महिनाभर आधी लिहून ठेवलेलं. वाचता वाचता "सरांची निष्कलंक सेवा" या शब्दांपाशी आले आणि थांबले. सर खुर्चीतून म्हणाले, "वाचा, टिळे, पुढचं वाचा."

शेवटी मुलं पाया पडायला रांगेत आली. रांगेच्या टोकाला अनिता होती, आईला घेऊन आलेली, हातात गुलाबांची जुडी. अण्णा आले नव्हते. ती वाकली तसे सर दोन पावलं मागे सरकले. पायाला हात लावू देईनात.

"तुझ्या पहिलीचा वर्ग दिवाळीपर्यंत माझ्याकडे होता," सर म्हणाले. "बाकीची मुलं अक्षर गिरवायची. तुला पेन्सिल धरता यायची नाही. मी रोज तुझ्या हातावर छडी मारायचो. साडेचार वर्षांची होतीस. आणि ते मला माहीत होतं."

अनिताने हातातली फुलं आईकडे दिली.

"मला नाही आठवत, सर," ती म्हणाली.

"मला आठवतं," बच्छाव सर म्हणाले.